आरएसएस फीड : शोधपद्धती

संकेतस्थळावर नव्याने प्रसिद्ध झालेल्या मजकुराचे शीर्षक, दुवा, सारांश व वेळ एक्सएमएल स्वरूपात नोंदवणाऱ्या फाइलला फीड म्हणतात. फीडवाचक ही आज्ञावली ती ठरावीक अंतराने तपासत असल्याने वाचकाला ते संकेतस्थळ वारंवार उघडावे लागत नाही. बातम्यांपासून पाककृतींपर्यंत सर्व विषय हाताळणाऱ्या मोठ्या संकेतस्थळावर मात्र फीड बहुधा विभागवार, क्वचित लेखकवारही विभागलेली असते.

पूर्वपीठिका : आरएसएस या फीडस्वरूपाचा पहिला आराखडा नेटस्केपमधील रामनाथन गुहा व डॅन लिबी यांनी मार्च १९९९ मध्ये ‘माय नेटस्केप’ या प्रवेशद्वारासाठी केला, तर डेव्ह वायनर यांनी २००२ मध्ये २.० ही आवृत्ती आणली. जनकत्व कोणाचे, याविषयी मतभेद आहेत. २००५ मध्ये प्रमाणित झालेले ‘ॲटम’ हे स्वरूप वेगळे असले, तरी व्यवहारात त्यालाही आरएसएसच म्हणतात.

शोध : सर्वांत भरवशाचा मार्ग पानाच्या मूळ संहितेतून जातो. वाचकाला न दिसणाऱ्या शीर्षभागात, म्हणजे ‘हेड’ या खंडात, ‘लिंक’ हा टॅग असतो. त्याचे नाते ‘अल्टरनेट’ आणि प्रकार ‘ॲप्लिकेशन/आरएसएस+एक्सएमएल’ असा लिहिलेला असेल, तर त्याच टॅगमध्ये फीडचा पत्ता सापडतो. या टॅगमुळेच फीडवाचकाला बहुतेकदा पानाचा साधा पत्ता पुरतो. पत्ता कधी डोमेननावाशिवाय दिलेला असतो, तेव्हा ते त्याच्या आधी जोडावे लागते. क्रीडाविभागाची फीड हवी असल्यास मुखपृष्ठाची नव्हे, त्या विभागाच्या पानाची संहिता पाहावी; नवशिक्याची गफलत बहुधा येथेच होते. वर्डप्रेसवरील स्थळे पुष्कळदा लेखांची व प्रतिक्रियांची अशा दोन फीडी घोषित करतात, म्हणून टॅगमधील शीर्षकही वाचून घ्यावे.

हा टॅग आढळला की पूर्वी ब्राउझर नारिंगी चिन्ह दाखवत असत. फायरफॉक्समधील ते चिन्ह मायक्रोसॉफ्टनेही २००५ च्या अखेरीस स्वीकारले. पुढे फायरफॉक्सने २०११ मध्ये ते पत्तापट्टीतून हटवले आणि डिसेंबर २०१८ मध्ये फीडवाचनाची सोयच काढून टाकली. १ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर बंद झाल्याने फीडचा वापर ओसरला असे काहींचे मत आहे, तर इतर त्याचे कारण समाजमाध्यमांत शोधतात.

टॅग न आढळल्यास पत्त्याचा अंदाज बांधतात. ‘द गार्डियन’च्या विभागाच्या किंवा लेखकाच्या पानाच्या पत्त्यापुढे ‘/आरएसएस’ रोमन लिपीत जोडले की त्याची फीड उघडते. बीबीसीच्या फीडी वेगळ्याच उपडोमेनवर असल्यामुळे तेथे ही युक्ती चालत नाही. यूट्यूबवर वाहिनीच्या ओळखक्रमांकावरून पत्ता तयार होतो आणि त्या फीडमध्ये फक्त अलीकडच्या १५ चित्रफिती येतात. मराठी विकिपीडियावर ‘अलीकडील बदल’ आणि प्रत्येक लेखाचा इतिहास यांना ॲटम फीड आहे. मराठी वृत्तस्थळाच्या शोधपेटीत नुसते ‘आरएसएस’ लिहिणे व्यर्थ होय, कारण समोर येतात त्या बातम्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या.

स्वामित्वहक्क : फीड खुली असली, तरी तीतील मजकुराचे हक्क तिच्या प्रसिद्धीमुळे वाचकाकडे जात नाहीत.