मोगलाईची वेस

राजकीय इतिहासात सरहद्द नकाशावर आखली जाते. लोकजीवनात ती नाक्यावर अनुभवास येते. बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण सीमेचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. जिजाऊंचे माहेर सिंदखेडराजा वऱ्हाडात, आणि जवळचा जालना ‘मोगलाईत’, म्हणजे निजामाच्या मुलखात.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १९०२ च्या करारान्वये ते वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने गेले. सार्वभौमत्व मात्र कागदोपत्री निजामाचेच राहिले. त्यामुळे एक विलक्षण विसंगती निर्माण झाली. बुलढाण्याचा शेतकरी नावापुरता ज्या राजाचा प्रजाजन, त्याच राजाच्या मुलखात माल नेताना तो परका ठरे. संस्थानच्या जकात खात्याचे नाव करोडगिरी. १८०२ च्या व्यापारी तहापासून शेकडा पाच हा तिचा दर रूढ होता. अलीकडे कलदार रुपया चाले, पलीकडे हाली सिक्का. भाषा आणि सोयरीक मात्र दोन्हीकडे एकच.

१५ ऑगस्ट १९४७ नंतर वऱ्हाड भारतीय संघराज्यात राहिले; हैदराबाद बाहेर राहिले. २९ नोव्हेंबरच्या ‘जैसे थे’ कराराने वर्षभर पूर्वीचीच व्यवस्था चालावयाची होती. परंतु लवकरच हैदराबादने मौल्यवान धातूंच्या निर्यातीवर बंदी घातली आणि भारतीय चलनाची मान्यता काढून घेतली. उलट, भारत आपली आर्थिक नाकेबंदी करीत आहे, अशी हैदराबादची तक्रार होती. कालपर्यंत महसुलाचा असलेला नाका आता निष्ठेचा झाला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील लढ्यात करोडगिरीचे नाके जाळले गेले, ते यामुळेच. सामान्य माणसाला राजसत्ता प्रत्यक्ष भेटे ती तिथे. रझाकारांच्या भयाने मराठवाड्यातील कुटुंबे वऱ्हाडात आश्रयाला आली, तीही हीच वेस ओलांडून.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत संस्थानचे स्वतंत्र राज्य संपले. जकातीचा प्रश्न इतक्या लवकर सुटणारा नव्हता. तिच्या उत्पन्नावर संस्थानांचा कारभार चाले. म्हणून संविधानाच्या मूळ ३०६ व्या अनुच्छेदाने अशा राज्यांना, केंद्राशी करार करून, जास्तीत जास्त दहा वर्षे ती चालू ठेवण्याची मुभा दिली. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने तो अनुच्छेद गेला आणि त्याच वर्षी मराठवाडा व विदर्भ एका राज्यात आले. २०२० मध्ये ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर आयर्लंडच्या सीमेवर मालाची तपासणी कोठे करावी, हा पेच असाच राजकीय निर्णयाच्या मागे उरला होता. ध्वज बदलणे सोपे, नाका हलवणे अवघड.

मुक्तिसंग्रामावर लिहिताना आपण हुतात्म्यांचे स्मरण करतो, ते उचितच आहे. परंतु नाक्यावर गाडी सोडून पोती मोजून देणाऱ्या माणसाला आपल्या वाङ्मयेतिहासात फारशी जागा नाही. मोगलाई, करोडगिरी, हाली, कलदार या शब्दांत त्याचा अनुभव साठलेला आहे. हे शब्द सहज बोलणारी पिढी आता मावळत आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मराठीच्या अध्यापकांनी ते टिपून ठेवले नाहीत, तर उद्या तहांची कलमे तेवढी हाती उरतील.