वस्तीबाहेर आणा, मग तपासतो : काठियावाड ते गाझा

"पॅलेस्टाईनचं आपल्याला काय?" वैजापूर तालुक्यात तरुणांशी बोलताना हा प्रश्न आम्हाला हमखास ऐकावा लागतो. आपल्या वाडी-वस्तीवरून पेशंट तालुक्याला आणायचा, तिथून घाटीत पाठवला तर गाडीभाड्याची जुळवाजुळव करायची, यातच आपला जीव जातो. मग गाझाची चर्चा कशाला? प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचे उत्तर शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही. ते बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे बाबासाहेबांचे छोटेसे आत्मकथन. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या 12 व्या खंडात ते आहे. अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठात ते अभ्यासाला लावले जाते, आपल्याकडे मात्र जयंतीच्या भाषणांत त्याचा उल्लेख क्वचित होतो. सुरुवातीलाच बाबासाहेब सांगतात की, परदेशी माणसाला अस्पृश्यता आहे एवढे माहीत असते, पण तो तिच्या शेजारी राहत नसल्याने तिचा जाच त्याला कळत नाही. म्हणून ते सिद्धांत मांडत बसत नाहीत, घडलेले प्रसंग सांगतात. त्यातले काही स्वतःचे, काही इतरांचे.

इतरांच्या प्रसंगांत एक आहे काठियावाडच्या शिक्षकाचा. हा शिक्षक स्वतः अस्पृश्य. त्याचे पत्र गांधीजींच्या 'यंग इंडिया'त 12 डिसेंबर 1929 रोजी छापून आले होते. बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांतच आजारी पडली. जुलाब सुरू झाले, छाती भरली, श्वास लागेना. डॉक्टरला बोलावले तर तो अस्पृश्यांच्या वस्तीत यायला तयार नाही. शिक्षक नगरशेठकडे गेला, दरबाराकडे गेला. नगरशेठने डॉक्टरच्या दोन रुपये फीची हमी घेतली, तेव्हा कुठे डॉक्टर निघाला. तोही एका अटीवर : बाईला वस्तीच्या बाहेर आणा, मग तपासतो. दोन दिवसांच्या बाळंतिणीला लेकरासह बाहेर आणले गेले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच साखळीने तो परत गेला. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पारा पाहिला आणि न्यूमोनिया झाल्याचे सांगितले. रुग्णाला हातही लावला नाही. औषध पाठवले, पण पुन्हा पाहायला आला नाही. ती बाई गेली.

इथे कोणती गोष्ट कमी होती? गावात डॉक्टर होता, औषध होते, फीचे पैसेही होते. कमी होती ती फक्त डॉक्टर आणि बाळंतीण यांच्यामधली वीस-पंचवीस पावले, आणि ती पावले जातीने अडवली होती. 'सोय नाही' आणि 'सोय असून पोचू दिले जात नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दुखण्याला निधी लागतो, दुसऱ्याला हक्काची लढाई लागते.

त्याच पुस्तकात आपल्या जिल्ह्यातला दौलताबाद किल्लाही आहे. 1934 साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादला किल्ल्याच्या दाराजवळच्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले आणि हौद बाटला म्हणून जमाव धावून आला. तो जमाव मुसलमानांचा होता. शेवटी आत जाऊ दिले, पण किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लागू नये म्हणून हत्यारबंद शिपाई सोबत देऊन. काठियावाडला हिंदू डॉक्टर, दौलताबादला मुसलमान जमाव. अडवणारा कोण आहे हे पाहून बाबासाहेबांनी सत्य सांगायचे टाळले नाही. आपणही टाळता कामा नये.

आता गाझाकडे पाहू. 2007 पासून गाझाची नाकेबंदी आहे. कॅन्सरवरचे रेडिएशन गाझात मिळत नव्हते. त्यासाठी पूर्व जेरुसलेमच्या ऑगस्टा व्हिक्टोरिया रुग्णालयात जावे लागे, आणि तिथे जायला इस्रायलचा परवाना. लहान मुलासोबत जाणाऱ्या आईलाही स्वतंत्र परवाना. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीप्रमाणे 2017 मध्ये रुग्णांच्या अर्जांपैकी फक्त 54 टक्के मंजूर झाले. त्याच वर्षी परवाना नाकारल्यामुळे किंवा रखडल्यामुळे उपचाराला मुकलेले 54 रुग्ण मरण पावले, त्यातले 46 कॅन्सरचे होते, असे मानवी हक्क संघटनांनी संयुक्त निवेदनात नोंदवले. वेस्ट बँकेतून जेरुसलेमला जाणाऱ्या रुग्णाला तर नाक्यावर पॅलेस्टिनी रुग्णवाहिकेतून उतरवून दुसऱ्या, इस्रायली नंबरप्लेटच्या रुग्णवाहिकेत चढवतात. हे वाचताना आम्हाला हातोहात फिरणारा तो थर्मामीटर आठवला.

कुणी म्हणेल, हा सुरक्षेचा प्रश्न आहे. 7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासने निःशस्त्र नागरिकांना मारले, ओलीस नेले. बुद्धाच्या अनुयायाला त्याचे समर्थन करता येणार नाही. पण ते 54 मृत्यू 2017 चे आहेत. त्या हल्ल्यानंतर तर गाझातले कॅन्सरचे एकमेव खास रुग्णालय नोव्हेंबर 2023 मध्ये बंद पडले आणि मार्च 2025 मध्ये स्फोटाने उडवले गेले. 1949 चा चौथा जिनिव्हा करार युद्धातही आजारी माणसाला आणि रुग्णालयाला संरक्षण देतो.

जात आणि लष्करी ताबा एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. तिथे सैन्य आणि कागद अडवतो. इथे समाज अडवत होता आणि कागद लागतच नव्हता. पण आजाऱ्याच्या वाटेवर माणसाने उभी केलेली भिंत दोन्हीकडे आहे.

ही भिंत ओलांडणारी माणसेही आपल्याच इतिहासात आहेत. 1897 च्या पुण्यातल्या प्लेगमध्ये सावित्रीमाई आणि डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ माळावर दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी पोराला माईंनी पाठीवर घेऊन तिथे आणले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. काठियावाडच्या डॉक्टरने हात लावला नाही, त्याच्या बत्तीस वर्षे आधीची ही गोष्ट.

पण अडवणाऱ्या समाजात प्रत्येक वस्तीला सावित्रीमाई मिळेलच असे नाही. म्हणून कायदा लागतो. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम 5 ने अस्पृश्यतेच्या कारणावरून रुग्णालयात प्रवेश नाकारणे गुन्हा ठरवले. अत्याचार प्रतिबंध कायद्यातल्या 2015 च्या दुरुस्तीने रुग्णालय, दवाखाना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यापासून अडवणे हाही गुन्हा केला. कार्यकर्त्यांनो, गावात बहिष्कार पडला की आपण किराणा, गिरणी, पाणी यांची नोंद करतो. दवाखान्याची वाट बंद झाली का, जीपवाल्याने पेशंट न्यायला नकार दिला का, हेही विचारा आणि फिर्यादीत लिहा.

आणि पॅलेस्टाईनचे आपल्याला काय? आपले दुखणे परक्यालाही कळावे म्हणून बाबासाहेबांनी ते लिहिले, पुस्तकाच्या नावात 'व्हिसा' घातला. जगाने आपले ऐकावे अशी अपेक्षा ठेवणाऱ्या बापाची आपण लेकरे. मग परवान्याच्या रांगेत मेलेल्या माणसाची गोष्ट कानावर आली, तर कान झाकून घेण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला?

जय भीम!