निवृत्तीनंतर कोकणात घर घ्यायचंय? जळगाव-धुळ्यातून निघण्याआधी पैशांचं गणित समजून घ्या

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे सरकायला लागला की खान्देशातल्या बऱ्याच घरांत एक विषय हमखास निघतो. रिटायर झालो की कोकणात छोटंसं घर घेऊ. चिऱ्याचं घर, अंगणात चार माड, संध्याकाळी समुद्रावर फेरी. मग मोबाइलवर दापोली, गुहागर, अलिबागच्या प्लॉटच्या जाहिराती दिसू लागतात आणि ग्रॅच्युइटीचे पैसे खात्यात येईपर्यंत जागा बघायला जायची तारीखही ठरलेली असते.

इच्छा अगदी रास्त आहे. अडचण अशी की हे पैसे दुसऱ्यांदा मिळणार नसतात. पस्तिशीत जमिनीचा व्यवहार फसला तर माणूस सावरतो, साठीनंतर ते अवघड. म्हणून 'कुठलं घर घ्यायचं' या प्रश्नाच्या आधी 'घर घ्यायचंच का' हे तपासायला हवं.

घराची खरी किंमत दरमहा मोजा

एक उदाहरण घेऊ. समजा, जळगावातल्या एका जोडप्याकडे निवृत्तीनंतर ६० लाख रुपये आहेत. दोघांचंही वय साठच्या पुढे, राहतं घर स्वतःचं, पण सरकारी पेन्शन नाही.

पोस्टात आणि बँकांत ज्येष्ठ नागरिक बचत योजना असते. एप्रिल २०२३ पासून त्यात एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि तेव्हापासून तिचा व्याजदर ८.२ टक्के आहे. मुदत पाच वर्षांची, व्याज दर तीन महिन्यांनी. खातं उघडताना असलेला दर त्या पाच वर्षांसाठी कायम राहतो. नवरा-बायकोने प्रत्येकी ३० लाख ठेवले, तर दोघांचं मिळून महिन्याला सरासरी ४१ हजार रुपये व्याज येतं. हे व्याज करपात्र आहे आणि महागाईबरोबर वाढत नाही, हेही लक्षात ठेवा.

आता यातले ३५ लाख कोकणातल्या घरात घातले, तर उरलेल्या २५ लाखांवर महिन्याला साधारण १७ हजार मिळतात. म्हणजे त्या घरासाठी तुम्ही दरमहा जवळपास २४ हजारांचं उत्पन्न सोडलं. तुम्ही तिथे वर्षातून दोन महिने राहा नाहीतर बारा महिने. घरपट्टी, वीज, राखणदार आणि दर पावसाळ्यानंतरची डागडुजी यात धरलेली नाही.

हाच आकडा हातात धरून दापोली, मालवण किंवा वेंगुर्ल्यात भाड्याच्या घराची चौकशी करा. वर्षातले चार-पाच महिने भाड्याने राहण्याचा खर्च या आकड्याच्या किती खाली राहतो, ते तुम्हालाच दिसेल. माझं मत विचाराल, तर बहुतेकांसाठी भाड्याने राहणं हाच शहाणा मार्ग आहे. मुद्दल हातात राहतं. गाव आवडलं नाही तर पुढच्या वर्षी दुसरं बघता येतं. करार मात्र नोंदणीकृत करा. महाराष्ट्रात तो कायद्याने बंधनकारक आहे.

सरकारी पेन्शन असणाऱ्यांचं गणित थोडं सोपं असतं, कारण दरमहा पैसे येतच राहतात. पण घरासाठी एकरकमी पैसे हवेत म्हणून पेन्शनचा ४० टक्के भाग विकला, तर तो पूर्ववत व्हायला १५ वर्षं लागतात. साठाव्या वर्षी घेतलेल्या घरासाठी पंचाहत्तरीपर्यंत कमी पेन्शन.

पतसंस्थेचा धडा

बचत सुरक्षित कुठे ठेवायची, हा प्रश्न खान्देशात जरा जास्तच हळवा आहे. जळगावच्या बीएचआर पतसंस्थेत हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले आणि २०१५ मध्ये अध्यक्षांसह संचालकांना अटक झाली. ठेवीदारांत निवृत्त माणसं होती, मुलीच्या लग्नासाठी पैसे ठेवणारीही होती.

बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेत प्रति ठेवीदार ५ लाखांपर्यंत विमा संरक्षण आहे. ते पतसंस्थेला लागू नाही. कोकणातलं घर दोन वर्षांनी घेऊ, तोवर एक-दीड टक्का जास्त मिळतोय म्हणून पतसंस्थेत ठेवू, असा विचार असेल तर आधी एवढं आठवा.

याच अनुभवामुळे अनेक जण म्हणतात, 'ठेवीपेक्षा जमीन बरी.' पण कोकणातली जमीन कागदावर भलतीच गुंतागुंतीची असते.

सातबारा आहे, म्हणून जमीन घेता येईल?

महाराष्ट्रात शेतजमीन घेण्यासाठी खरेदीदार शेतकरी असावा लागतो. जळगाव-धुळ्यातल्या अनेकांच्या नावावर सातबारा असतो, त्यामुळे मुंबईकर नोकरदारापेक्षा त्यांना हा टप्पा सोपा जातो. नेमकी इथेच गफलत होते. जमीन विकत घेता येणं आणि तिच्यावर घर बांधता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावठाणाबाहेर घर बांधायचं तर ती जागा बिगरशेती वापरासाठी मोकळी असायला हवी आणि रीतसर बांधकाम परवानगी हवी. ग्रामपंचायतीचा नुसता 'ना हरकत' कागद पुरत नाही.

दुसरा सापळा गुंठ्यांचा. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनुसार रत्नागिरी-सिंधुदुर्गात जिरायत जमिनीचं किमान प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे आणि बागायतीचं १० गुंठे आहे. त्याहून लहान तुकडा सरसकट विकता येत नाही. मग काही दलाल काय करतात? मोठी जमीन आठ-दहा जणांना मिळून विकतात आणि सगळ्यांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामायिक लावतात. जागेवर दगड रोवलेले असतात, 'हा तुमचा प्लॉट' असं सांगितलं जातं, पण कागदावर तो तुकडा वेगळा नसतोच. उद्या विकायची वेळ आली की बाकीच्यांच्या सह्यांसाठी फिरायचं.

तिसरी गोष्ट कोकणाची खास. एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस सहहिस्सेदार असणं तिथे नवल नाही. निम्मे मुंबईत, काही हयात नाहीत, वारस नोंदी झालेल्या नाहीत. खान्देशातल्या चार नावांच्या उताऱ्याची सवय असलेला माणूस इथे फसतो. 'इतर हक्क' हा रकाना ओळीने वाचा. कुळाचं नाव, वनाची नोंद किंवा वर्ग २ चा शेरा असेल, तर स्थानिक वकिलाने जुने फेरफार काढून बघितल्याशिवाय बयाणाही देऊ नका.

समुद्र समोर दिसतोय? मग अंतर मोजा

किनाऱ्यालगतच्या बांधकामाला सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम लागतात. भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा त्यात येतो. ग्रामीण भागात त्यातले पहिले २०० मीटर 'ना विकास क्षेत्र' असतात. तिथे नवं घर बांधायला परवानगी मिळत नाही. जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती चालते, तीही मूळ आकार न वाढवता.

'आता नियम बदललाय, ५० मीटर झालंय,' असं सांगणारे भेटतील. हे अर्धसत्य आहे. २०१९ च्या अधिसूचनेत ५० मीटरची सवलत आहे, पण ती २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोकसंख्या असलेल्या दाट भागांसाठी. रत्नागिरी जिल्ह्याची त्या जनगणनेतली सरासरी घनता २०० च्याही खाली आहे. खाडीकाठच्या जागांनाही हे नियम लागतात, फक्त अंतरं वेगळी. थोडक्यात, व्हरांड्यातून लाटा दिसतील असा रिकामा प्लॉट स्वस्तात मिळत असेल, तर तो स्वस्त का आहे हे आधी विचारा.

तयार प्रकल्पात फ्लॅट किंवा बंगला घेणार असाल तर महारेरा नोंदणी क्रमांक तपासा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जागा आणि आठपेक्षा जास्त सदनिका असतील तर नोंदणी लागते आणि करार नोंदवल्याशिवाय विकासक किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. त्याहून लहान प्रकल्प या छत्रीबाहेर राहतात. आणि कोकणात लहान प्रकल्पच पुष्कळ. 'ज्येष्ठांसाठी खास' म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांसाठी महारेराने मे २०२४ मध्ये आदर्श तरतुदी ठरवल्या: लिफ्ट, रॅम्प, व्हीलचेअर जाईल एवढे रुंद दरवाजे, आधाराचे कठडे. जाहिरातीत नुसता हिरवळीवर हसणाऱ्या आजी-आजोबांचा फोटो असेल, तर या गोष्टी करारात लिहिल्यात का ते बघा.

पावसाळा बघितल्याशिवाय घर नको

जळगावात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीत ३,००० च्या वर. डिसेंबरमध्ये चार दिवस फिरून गेलेल्या माणसाला हा फरक कळत नाही. जूनपासून कपडे वाळत नाहीत, कपाटाला बुरशी येते, वीज जाते. खाऱ्या हवेने ग्रिल, पत्रे, एसीचा बाहेरचा भाग भराभर गंजतो. खान्देशातली ऊन कोरडी. कोकणातल्या ३४ अंशांत घामाच्या धारा लागतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि दापोली-मंडणगड भागातली घरं, नारळ-सुपारीच्या बागा झोडपल्या. जुलै २०२१ मध्ये चिपळूण शहर पुरात बुडालं, आणि चिपळूण काही समुद्रकिनाऱ्यावर नाही. म्हणून पहिलं भाड्याचं घर घ्याल ते जूनमध्येच घ्या. जुलै-ऑगस्ट आवडला, तर बाकीचं वर्ष आवडेलच.

जेवणाचं आणि बोलीचंही थोडं आहे. कळण्याच्या भाकरीचं पीठ आणि भरताची हिरवी वांगी नेता येतील. अहिराणीत गप्पा मारायला शेजारी मात्र नेता येत नाही.

रात्री दोनला दवाखाना किती लांब?

जळगाव आणि धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, मोठी खासगी रुग्णालयं आहेत आणि मुख्य म्हणजे ओळखीचे डॉक्टर आहेत. कोकणात चिपळूणजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. सिंधुदुर्गातले गंभीर रुग्ण अनेकदा थेट गोव्यात बांबोळीला नेले जातात. ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं, पण ते योजनेतल्या रुग्णालयातच चालतं. पसंत केलेल्या गावापासून असं सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं, तिथे हृदयविकाराचे उपचार होतात का, आणि पावसाळ्यातल्या रात्री गाडीने किती वेळ लागतो, हे स्वतः जाऊन बघा.

येण्याजाण्याचंही बघा. मंगला एक्स्प्रेस भुसावळहून नाशिक, कल्याण, पनवेलमार्गे थेट रत्नागिरीला जाते. धुळेकरांना आधी चाळीसगाव गाठावं लागतं. खरं तर खान्देशाला जवळचा समुद्र कोकणाचा नाहीच. आपली तापी सुरतजवळ समुद्राला मिळते, उधना-जळगाव रेल्वेमार्ग सुमारे ३०० किलोमीटरचा आहे आणि सुरतेत खान्देशी नातेवाईक नाही असं घर शोधावं लागेल. किनाऱ्यापासून थोडं आत, पण मोठी रुग्णालयं आणि आपली माणसं असलेल्या शहरात हिवाळ्याचे काही महिने भाड्याने राहणं, हा पर्याय फारसं कुणी विचारात घेत नाही. तो घ्यायला हवा.

जळगावचं घर विकायचं का?

निदान पहिली दोन वर्षं तरी नाही. दोघांपैकी एक जण गेल्यावर दुसऱ्याला परत येण्यासाठी जागा लागते, आणि हा विचार जोडपी बहुधा टाळतात. विकायचंच ठरलं, तर नफ्यावरचा कर वाचवण्यासाठी दुसरं घर विक्रीच्या एक वर्ष आधी ते दोन वर्षं नंतर या काळात घ्यावं लागतं; बांधायचं असेल तर तीन वर्षं मिळतात. कागदपत्रांच्या घोळात अडकलेल्या प्लॉटवर ही तीन वर्षं सहज निघून जातात.

'घर मुलाच्या नावावर करतो आणि आम्ही कोकणात जातो,' असं ठरवत असाल, तर बक्षीसपत्रात तुमचा सांभाळ आणि मूलभूत गरजा पुरवण्याची अट स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार ती अट पाळली गेली नाही, तर हस्तांतर रद्द करण्यासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. अट लिहिलेली नसेल तर हे प्रकरण बरंच अवघड होतं.