धनुर्धर आणि त्याचा सोबती : जांब येथील रामोपासना व भूमिकाप्रधान व्हिडिओ खेळ यांचा तुलनात्मक विचार

प्रस्तावना

व्हिडिओ खेळांच्या अनेक प्रकारांपैकी 'रोल-प्लेइंग गेम' हा प्रकार सांस्कृतिक इतिहासाच्या अभ्यासकाला विशेष विचार करावयास लावणारा आहे. या खेळात खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका स्वीकारतो, त्या पात्राच्या नावाने वावरतो आणि त्याच्या वतीने निर्णय घेतो. मराठी भाषेत या क्रियेसाठी 'सोंग घेणे' हा शब्दप्रयोग फार पूर्वीपासून रूढ आहे. या खेळांत जी पात्रे खेळाडूंना वारंवार आवडलेली दिसतात, त्यांत हाती धनुष्यबाण व सोबतीला लांडगा, अस्वल किंवा ससाणा असलेल्या रानवाटेवरील धनुर्धराचा समावेश होतो.

धनुर्धर आणि त्याचा मानवेतर सोबती ही जोडी मराठी समाजाला नवी नाही. जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. कोदंडधारी राम आणि त्याचा वानर सेवक मारुती ही जोडी समर्थांच्या उपासनेच्या केंद्रस्थानी होती. मारुती हे कोट्यवधी भाविकांचे दैवत आहे, त्यास 'पाळीव प्राणी' म्हणण्याचा येथे हेतू नाही. कथेच्या रचनेतील त्याचे स्थान तेवढे येथे विचारात घेतले आहे. प्रस्तुत लेखाचा प्रश्न मर्यादित आहे : धनुर्धर व सोबती या जोडीत माणूस कोणाचे सोंग घेतो, आणि त्या निवडीचा अर्थ काय?

धनुर्धराचे पात्र : कागदावरून पडद्यावर

भूमिकाप्रधान खेळांचा आधुनिक इतिहास संगणकापासून सुरू होत नाही. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, फासे आणि संभाषण यांच्या आधारे खेळावयाचा खेळ प्रसिद्ध केला. १९७५ मध्ये त्यात 'रेंजर' या अरण्यात वावरणाऱ्या योद्ध्याची भर पडली. आरंभी हे पात्र धनुर्धर असलेच पाहिजे असा दंडक नव्हता. परंतु पुढील आवृत्त्यांत आणि त्यांवर आधारलेल्या संगणकीय खेळांत धनुर्विद्या व प्राण्याची सोबत ही त्याची ओळख बनत गेली.

या जोडीमागे खेळाच्या रचनेचे एक सरळ कारण आहे. धनुर्धर दुरून लढतो आणि शत्रू जवळ आला की तो दुबळा ठरतो. म्हणून शत्रूला अडवून धरणारा कोणीतरी पुढे असावा लागतो. एकट्या खेळाडूची ही उणीव प्राणी भरून काढतो. २००४ मध्ये आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळातील 'हंटर' हे पात्र याचे ठळक उदाहरण होय. दहाव्या पातळीवर पोहोचल्यानंतर हंटरला वन्य प्राणी माणसाळविता येई. त्या प्राण्याला त्याच्या जातीनुसार मांस, मासे असे अन्न घालावे लागे. तो असमाधानी राहिल्यास त्याची मारक शक्ती घटे, आणि फारच उपेक्षा झाल्यास तो धन्याला सोडूनही जाई. खेळाडूला भात्यातील बाणही विकत घ्यावे व मोजून वापरावे लागत.

या खेळाच्या पुढील काळात झालेले बदल लक्षणीय आहेत. बाण बाळगण्याची अट २०१० मध्ये काढण्यात आली आणि प्राण्याला समाधानी ठेवण्याची अट २०११ मध्ये रद्द झाली. खेळ सुकर व्हावा ही त्यामागील भूमिका समजण्याजोगी आहे. मात्र त्याचा परिणाम असा की सोबत्याप्रति असलेले कर्तव्य नियमांतून नाहीसे झाले आणि त्याचा उपयोग तेवढा उरला. २००९ मधील 'टॉर्चलाइट' या खेळात कुत्रा किंवा मांजर खेळाडूच्या पाठीवरील ओझे घेऊन गावात जाते व माल विकून परत येते. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या नियमपुस्तकात प्राणी-सोबती बाळगणाऱ्या रेंजरचा प्राणी धन्याच्या आज्ञेवाचून लढत नसे, आणि आज्ञा देण्यासाठी धन्याला बहुधा स्वतःच्या हल्ल्याची संधी खर्ची घालावी लागे. या सर्व उदाहरणांत खेळाडू सदैव धन्याच्या भूमिकेत असतो. प्राण्याची बाजू त्याला कधीही पाहावी लागत नाही.

जांब : दास्याची परंपरा

समर्थांचा जन्म शके १५३० मध्ये, म्हणजे १६०८ साली, रामनवमीच्या दिवशी जांब येथे झाला असे संप्रदाय मानतो. त्यांचे मूळ नाव नारायण सूर्याजीपंत ठोसर. अहमदनगरच्या निजामशाहीची सूत्रे मलिक अंबरच्या हाती असण्याचा तो काळ होता. बाराव्या वर्षी विवाहप्रसंगी मंडपातून निघून जाऊन त्यांनी नाशिकजवळील टाकळी येथे बारा वर्षे तपश्चर्या केली, ही कथा सर्वश्रुत आहे. पुढे कृष्णाकाठी त्यांनी कार्य आरंभिले व १६४८ मध्ये चाफळ येथे राममंदिराची स्थापना झाली. शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिराळे इत्यादी ठिकाणच्या अकरा मारुतींची स्थापनाही याच काळातील आहे.

या इतिहासातील एक गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. समर्थांनी धारण केलेले नाव 'रामदास' असे आहे. त्यांनी राम होण्याची आकांक्षा धरली नाही, तर रामाच्या सेवकाची जागा पत्करली. संप्रदायाने त्यांना मारुतीचा अवतार मानले, रामाचा नव्हे. रामकथेवर लिहिताना त्यांनी सुंदरकांड व युद्धकांड यांवर विशेष भर दिला, आणि याच दोन कांडांत मारुतीचा पराक्रम सर्वाधिक दिसतो. चाफळ येथे एक मारुती रामासमोर हात जोडून उभा आहे, त्यास दासमारुती म्हणतात. मंदिराच्या मागील बाजूचा दुसरा प्रतापमारुती म्हणून ओळखला जातो. सोबत्याची नम्रता आणि त्याचे सामर्थ्य यांना तेथे स्वतंत्र मूर्ती लाभल्या आहेत. धनुर्धराच्या सावलीत सोबत्याचे व्यक्तित्व पुसले जात नाही, हे यावरून स्पष्ट होते.

वाल्मीकिरामायणातील युद्धकांडात रावणाशी झालेल्या पहिल्या संग्रामात राम मारुतीच्या खांद्यावर बसून बाण सोडतो. व्हिडिओ खेळांतील धनुर्धर व पुढे लढणारा प्राणी यांच्या रचनेशी या प्रसंगाचे साम्य आहे. भेद असा की मारुती स्वतः होऊन खांदा पुढे करतो. त्याला बुद्धी, वाणी आणि नकार देण्याची शक्ती आहे, म्हणूनच त्याच्या सेवेला मोल आहे. महाभारतात हाच मारुती अर्जुनाच्या ध्वजावर बसतो. भक्तिशास्त्रात नवविधा भक्तीपैकी दास्याचे उदाहरण म्हणून मारुतीचे, तर सख्याचे उदाहरण म्हणून अर्जुनाचे नाव परंपरेने घेतले जाते. अर्जुन हा धनुर्धरांत श्रेष्ठ. तरीही भक्तीच्या या मांडणीत तो कृष्णाचा सोबती म्हणूनच उभा राहतो. दासबोधाच्या चौथ्या दशकात समर्थांनी याच नऊ भक्तींचे क्रमाने निरूपण केले आहे.

परंपरेची दुसरी बाजूही नोंदवणे आवश्यक आहे. महाभारताच्या आदिपर्वात एकलव्य पांडवांच्या भुंकणाऱ्या कुत्र्याचे तोंड सात बाणांनी बंद करतो. येथे प्राणी धनुर्धराच्या कौशल्याचे केवळ लक्ष्य ठरतो, आणि त्याच कौशल्यापायी एकलव्याला अंगठा गमवावा लागतो. त्यामुळे जुन्या कथांत सर्वत्र प्राण्याविषयी करुणाच आहे, असे म्हणता येणार नाही.

सोंग आणि नियम

सोबत्याची भूमिका स्वीकारण्याची प्रथा रामोपासनेपुरती सीमित नाही. खंडोबा धनुर्धर नाही, खड्ग व त्रिशूळ ही त्याची आयुधे आहेत. परंतु तो घोड्यावर स्वार होऊन कुत्र्यासह शिकारीस निघणारा राजा आहे. त्याचे भक्त असलेले वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे मानतात. विधीच्या वेळी ते भुंकतात आणि कोटंब्यातील अन्न कुत्र्याप्रमाणे खातात. गुंथर सोंथायमर यांनी या आचारांचा तपशीलवार अभ्यास केला, तर रा. चिं. ढेरे यांनी खंडोबाच्या उपासनेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. संसारात राहून प्रसंगी भूमिका घेणारा घरवाघ्या आणि भिक्षेवर जगणारा दारवाघ्या असे दोन प्रकार रूढ आहेत. भूमिका किती काळ धारण करावयाची, याचाही नियम परंपरेने घालून दिलेला दिसतो.

जालन्याच्या शेजारी, गोदाकाठच्या पैठण येथे संत एकनाथांनी भारुडांत जोशी, गोंधळी, वासुदेव, महारीण अशा अनेकांची वाणी स्वीकारली. उत्सवाच्या अखेरीस होणाऱ्या लळितातही विविध सोंगे येऊन देवाकडे मागणे मागतात. राजाचे सोंग घेऊन अधिकार गाजविण्यापेक्षा सेवकाचे किंवा याचकाचे सोंग घेऊन स्वतःकडे नव्याने पाहणे, हा या परंपरेचा विशेष होय.

तथापि या परंपरेचे उदात्तीकरण करणे योग्य ठरणार नाही. वाघ्या आणि मुरळी या भूमिका पुष्कळदा स्वेच्छेने घेतलेल्या नसत. आईवडिलांच्या नवसापायी लहान मुले देवाला वाहिली जात. विसाव्या शतकाच्या आरंभी शिवराम जानबा कांबळे यांनी मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध चळवळ केली, विठ्ठल रामजी शिंदे यांनीही या प्रश्नाकडे समाजाचे लक्ष वेधले, आणि १९३४ मध्ये मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा झाला. व्हिडिओ खेळातील भूमिका खेळाडू हवी तेव्हा घेतो व हवी तेव्हा सोडतो. नवसाच्या भूमिकेत अडकलेल्या बालकाला ते स्वातंत्र्य नव्हते. दास्य स्वीकारणे आणि दास्य लादले जाणे यांतील सीमारेषा इतिहासकाराने पुसू देता कामा नये.

भारतीय खेळांचे प्रयत्न

सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन २ या यंत्रासाठी २००९ मध्ये 'हनुमान : बॉय वॉरियर' हा खेळ हैदराबाद येथे तयार झाला. त्यात खेळाडू बाल हनुमानाची भूमिका घेतो. देवतेच्या हालचाली बटणांच्या साहाय्याने नियंत्रित करणे हा देवतेचा अवमान आहे, असा आक्षेप त्या वेळी अमेरिकेतील एका हिंदू संघटनेने घेतला. लळितात, दशावतारात व रामलीलेत माणसे देवतांची सोंगे घेत आली आहेत, हे लक्षात घेता देवतेची भूमिका घेणे हे स्वतः नवे नव्हते. नवे होते ते नियमांचे नसणे. सोंग घेणारा कलावंत स्वतःच्या देहाने भूमिका वाहतो आणि प्रेक्षकांसमोर तिचा आब राखतो. खेळाडूच्या हातातील यंत्र मात्र त्याच्याकडून असे काही मागत नाही. आक्षेपाचे मूळ या फरकात शोधता येते.

पुणे येथील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने २०२० मध्ये 'राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक' हा खेळ प्रसिद्ध केला. त्यातील नायिका राजी हिला विष्णूकडून धनुष्य प्राप्त होते. तिच्यासोबत प्राणी नाही, मात्र विष्णू आणि दुर्गा यांचे निवेदन तिच्या प्रवासाला साथ देते. येथे धनुर्धारिणी स्वतःच देवतांच्या आधाराने वाटचाल करणारी आहे. धनुर्धराच्या भूमिकेतही आधाराची जाणीव कायम ठेवता येते, हे या खेळावरून दिसते.

गमावण्याचा अर्थ

सोबती गमावला तर काय होते, हा दोन्ही परंपरांना लावून पाहण्याजोगा निकष आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये मेलेला प्राणी एका मंत्राने काही क्षणांत उठून उभा राहतो. ऑगस्ट २०२२ मध्ये जांब येथील मंदिरातून रामपरिवाराच्या प्राचीन पंचधातूच्या मूर्ती चोरीस गेल्या, तेव्हा गावाने जो शोक अनुभवला त्यावर असा कोणताही मंत्र नव्हता. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस पोलिसांनी संशयितांना पकडून मूर्ती हस्तगत केल्या. मधले दोन महिने देव्हारा रिकामा होता. नाते खरे असल्याची खूण त्याच्या अभावातच पटते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, धनुर्धर व मानवेतर सोबती ही जोडी दोन्हीकडे असली तरी व्हिडिओ खेळांत खेळाडू धनुर्धर होतो, आणि समर्थांच्या व खंडोबाच्या परंपरेत भक्त सोबती होतो. दुसरा, खेळांच्या विकासात सोबत्याप्रति असलेले कर्तव्य कमी होत गेले, तर उपासनेत कर्तव्य हाच भूमिकेचा गाभा राहिला. तिसरा, परंपरेतील ही भूमिका नवसापायी लादली जाई तेव्हा ती अन्यायकारक ठरली, आणि त्या बाबतीत खेळातील स्वातंत्र्य निश्चितच श्रेयस्कर आहे.

महाविद्यालयीन वर्गांत आज बसणाऱ्या पिढीला हे खेळ परिचित आहेत. रामकथेचे किंवा लोकनाट्याचे अध्यापन करताना या परिचयाचा उपयोग करून घेणे शक्य आहे. ज्या विद्यार्थ्याने पडद्यावर लांडग्याला शेकडो आज्ञा दिल्या आहेत, त्याला चाफळचा दासमारुती कोणाच्याही आज्ञेवाचून हात जोडून का उभा आहे, हा प्रश्न अवश्य विचारावा. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना तो जांबपर्यंत येऊन पोहोचेल.