हात-पाय गार पडलेलं मूल आणि रायगडने जगाला दिलेला उपचार

विंचवाच्या दंशाने मूल दगावू शकतं, हे आज पेण-रोह्यातल्या तरुण आई-वडिलांना कदाचित खरं वाटणार नाही. घरातल्या आजी-आजोबांना विचारा. पन्नास वर्षांपूर्वी कोकणात ही भीती खरी होती. ती कमी कशी झाली, हा इतिहास आपल्याच जिल्ह्यातला आहे. प्रत्येक पालकाने तो माहीत करून घ्यावा, कारण त्यात मूल वाचवण्याची खूण दडलेली आहे.

वेदना थांबली, म्हणजे विष उतरलं?

कोकणात दोन प्रकारचे विंचू लोकांच्या परिचयाचे आहेत. मोठा काळा विंचू, म्हणजे इंगळी, दिसायला भयंकर असतो. पण जिवावर बेततो तो आकाराने लहान असलेला तांबडा विंचू. दगडांच्या राशी, विटांचे ढीग, पेंढा, लाकूडफाटा ही त्याची लपायची ठिकाणं.

पूर्वी दंश झाला की मुलाला आधी विंचू उतरवणाऱ्याकडे नेत. अनेकांना गुणही येई. याचं कारण साधं आहे. बहुतेक दंशांत फक्त जोराची कळ येते आणि काही तासांत ती आपोआप ओसरते. श्रेय मात्र मंत्राला मिळे.

घात होई तो उरलेल्या मुलांच्या बाबतीत. विष अंगात भिनतं तेव्हा दंशाच्या जागी कळ पुष्कळदा कमी असते. मूल फार रडत नाही. घरच्यांना वाटतं, उतार पडला. प्रत्यक्षात त्याच वेळी मुलाला दरदरून घाम सुटलेला असतो, उलट्या होत असतात, हात-पाय गार पडत असतात.

बिरवाडीचा तरुण डॉक्टर

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळालं. बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, नागपूरला शिकलेले. विंचूदंशाने गंभीर झालेली माणसं, त्यातही लहान मुलं, डोळ्यांदेखत जात होती आणि त्यावर खात्रीचा उपचार पुस्तकात सापडत नव्हता.

त्यांनी रुग्णाजवळ बसून नोंदी ठेवायला सुरुवात केली: दंश किती वाजता झाला, उलटी कधी झाली, घाम कधी सुटला, नाडी कशी आहे, श्वास कधी चढला. यातला पहिला भाग डॉक्टरला दिसत नाही, कारण तो घरी किंवा वाटेत घडतो. तो सांगणार मुलाला उचलून आणणारे आई, बाप, आजी. घरच्यांनी नीट सांगितलेली वेळ हाही उपचाराचाच भाग असतो.

या निरीक्षणांतून लक्षात आलं की मृत्यू हृदय थकल्यामुळे आणि फुप्फुसात पाणी भरल्यामुळे होतो, आणि त्याआधी उलट्या, भरपूर घाम, लाळ, गार हात-पाय आणि मुलग्यांमध्ये लिंग ताठ होणं अशा पूर्वसूचना मिळतात. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष छापले.

विष नेमकं काय करतं?

तांबड्या विंचवाचं विष मज्जातंतूंना चेतवतं. शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या रसायनांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हात-पाय गार पडतात. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय दमतं आणि फुप्फुसात पाणी साठू लागतं. विष तेवढंच, पण मुलाचं शरीर लहान. म्हणून मुलांना धोका जास्त.

मग वाहिन्या सैल केल्या तर? आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे शिरेतून द्यायचं औषध वापरलं गेलं. त्याने रुग्ण वाचले, पण ते देताना सतत रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. खेड्यात ते अवघड. त्यानंतर आली प्राझोसिन, रक्तदाबासाठी वापरली जाणारी एक स्वस्त गोळी. ती तोंडाने देता येते आणि लहान केंद्रातही ठेवता येते. १९८६ मध्ये याविषयीचा लेखही ‘लॅन्सेट’मध्ये आला. गंभीर रुग्णांमध्ये पूर्वी जवळपास ४० टक्क्यांपर्यंत असलेलं मृत्यूचं प्रमाण या उपचाराने १ टक्क्यापर्यंत खाली आलं.

पुढे विंचवाच्या विषावरची लसही उपलब्ध झाली. महाडला डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रुग्णांवर तुलना केली. प्राझोसिनसोबत लस दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले; फक्त प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ जण. हा अभ्यास २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केला. २०२२ मध्ये डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

तुमच्या घरात असं झालं तर

- दंशाची वेळ लक्षात ठेवा. उलटी, घाम कधी सुरू झाला तेही सांगा.
- मुलाच्या तळहाता-तळपायांना हात लावून पाहा. कळ कमी, पण अंग घामेजलेलं आणि हात-पाय गार, हा धोक्याचा इशारा.
- तान्हं बाळ सांगू शकत नाही. ते अचानक किंचाळून रडलं, मग उलटी, लाळ, घाम सुरू झाला, तर अंथरूण झटकून पाहा आणि लगेच निघा.
- कापणं, चोखणं, घट्ट बांधणं टाळा. मंत्रासाठी वेळ घालवू नका.
- १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचं सरकारी केंद्र गाठा. मूल खेळतंय म्हणून घरी थांबू नका. काही तास डॉक्टरांच्या नजरेखाली राहू द्या.
- प्राझोसिन घरच्या घरी देऊ नका. मात्रा वजनावर ठरते. गोळी दिल्यावर मुलाला एकदम उठवून कडेवर घेतलं तर रक्तदाब घसरू शकतो. ते झोपलेलंच असू द्या.
- दवाखान्यातही अधूनमधून पावलं चाचपत राहा. ती ऊबदार होऊ लागली, की उपचार लागू पडतोय असं समजा. पुन्हा गार वाटली किंवा श्वास भरभर होऊ लागला, तर नर्सला लगेच हाक मारा.

बिरवाडीच्या केंद्रात मोठी यंत्रं नव्हती. तिथे घड्याळ, वही आणि रुग्णावर ठेवलेला हात यांतून उपचाराची वाट सापडली. त्यातलं घड्याळ आणि हात तुमच्याकडेही आहेत. मुलाच्या पावलांना हात लावा आणि वेळेत निघा.