११ किलोचा 'पोर्टेबल' कॉम्प्युटर

गेले तीन शनिवार-रविवार एका जुन्या टूलबॉक्समध्ये रास्पबेरी पाय, ७ इंची स्क्रीन आणि कीबोर्ड बसवत बसलोय. आई म्हणते, "अरे, दिवसभर कॉम्प्युटरच बडवतोस ना? मग सुट्टीतही तेच?" प्रश्न रास्त आहे. उत्तर शोधता शोधता इतिहासात शिरलो.

असल्या घरगुती यंत्राला 'सायबरडेक' म्हणतात. नावाचं मूळ विल्यम गिब्सनच्या 'न्यूरोमॅन्सर' (१९८४) कादंबरीतल्या डेकमध्ये. गंमत म्हणजे ती त्याने साध्या टाइपरायटरवर लिहिली!

रूप मात्र खऱ्या यंत्रांवरून आलंय. १९८१ चा ऑस्बोर्न-१ बघा. वजन सुमारे ११ किलो, पडदा ५ इंची, मेमरी ६४ केबी, दोन फ्लॉपी ड्राइव्ह आणि आत बॅटरी नाहीच. कीबोर्ड हेच झाकण. ते लावायचं आणि हँडल धरून चालू पडायचं. किंमत सॉफ्टवेअरसकट १७९५ डॉलर. मालक अ‍ॅडम ऑस्बोर्नचं बालपण तमिळनाडूत तिरुवन्नामलैला गेलं आणि २००३ मध्ये तो वारला तोही कोडाईकनालला. नव्या मॉडेलची घोषणा आधीच केल्यामुळे जुनं खपेना आणि १९८३ मध्ये कंपनी बुडाली, असं सांगतात. पण तेवढंच कारण नव्हतं. कायप्रो तेवढ्याच किमतीत ९ इंची पडदा देत होता.

मला मात्र जास्त भावतो तो हे यंत्र डिझाइन करणारा ली फेल्सेन्स्टाईन. मार्च १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गॅरेजमध्ये होमब्र्यू कॉम्प्युटर क्लब सुरू झाला. त्याच्या बैठका हाच चालवायचा. वोझ्नियाकने अ‍ॅपल-१ दाखवला तो तिथेच. यंत्र वापरणाऱ्याला स्वतः उघडून दुरुस्त करता यावं, हा फेल्सेन्स्टाईनचा जुना आग्रह.

आता फोनची बॅटरीसुद्धा डिंकाने चिकटवलेली असते. २०१२ मध्ये ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय आला आणि हौशी लोकांच्या हातात पुन्हा उघडा बोर्ड पडला. म्हणजे हौसेतून धंदा झाला, धंद्याने झाकण बंद केलं, आणि हौसेने ते परत उघडलं.

खरं सांगू? इंजिनिअरिंगची डिग्री आहे, पण माझा कोड ज्या सर्व्हरवर चालतो तो मी डोळ्यांनी पाहिलेलासुद्धा नाही. परवा डेक चालू केला तर स्क्रीन काळी. दोन तास डोकं खाजवलं. शेवटी कळलं, रिबन केबल मीच उलटी लावली होती. सरळ केली आणि अक्षरं उमटली. नोकरीला लागल्यापासून इतका आनंद क्वचितच झाला असेल.

आईला उत्तर मिळालं. तिला पटलं का, ते विचारू नका :-)