सिन्नर : देवगिरीपूर्वीची यादव राजधानी

नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्याचे मुख्य ठिकाण. नाशिकच्या आग्नेयेस सुमारे ३० किलोमीटरांवर, पुण्याच्या रस्त्यालगत. विड्यांचा व्यवसाय, मुसळगाव व माळेगाव येथील औद्योगिक वसाहती आणि गोंदेश्वराचे मंदिर यांमुळे हे नाव सर्वांच्या परिचयाचे असले, तरी ज्या यादवांचे स्मरण होताच सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे देवगिरीचा किल्ला उभा राहतो, त्यांचे आरंभीचे वैभव या गावी नांदले, ही गोष्ट मात्र अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारशी ठाऊक नाही.

सत्तेचे जुने आसन विस्मृतीत जाण्याचा हा प्रकार केवळ आपल्याकडचाच आहे असे नव्हे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फिलाडेल्फिया शत्रूच्या हाती पडण्याच्या सुमारास तेथील काँग्रेसने २७ सप्टेंबर १७७७ या एकाच दिवशी लँकेस्टर येथे बैठक भरवली व लगोलग यॉर्क या गावी बिऱ्हाड हलवले. या दोन गावांची नावे तिकडच्याही पुष्कळ लोकांना आठवत नसावीत. सिन्नरचा मान मात्र एका दिवसाचा नव्हता.

सिन्नरच्या इतिहासाची चमत्कारिक बाजू अशी की, त्याचा लेखी पुरावा मुख्यत्वे गावाबाहेर उपलब्ध झाला. शके ९२२ (इ. स. १०००) मधील संगमनेरचा ताम्रपट यादव राजा दुसरा भिल्लम याचा असून, माळव्याच्या मुंजाविरुद्ध चालुक्य तैलपाच्या बाजूने लढलेला मांडलिक तो हाच. शके ९४८ मधील कळस बुद्रुक येथील ताम्रपट तिसऱ्या भिल्लमाचा. चालुक्यनृपती जयसिंहाचा हा जामात, आणि त्याच्या राजधानीचे नाव या ताम्रपटात सिंदिनगर असे आले आहे. सिंदिनगर म्हणजेच सिन्नर, हे अभ्यासकांना सामान्यतः मान्य आहे. शके ९९१ मधील वसईच्या ताम्रपटात वंशाच्या मूळपुरुषांची हकीकत असून, दृढप्रहाराचा पुत्र सेऊणचंद्र याने सेऊणपूर वसवले असे तो सांगतो; ते सेऊणपूर हेच सिन्नर काय, याविषयी मतभेद आहेत. दृढप्रहाराच्या राजधानीविषयी तर खुद्द साधनांतच एकवाक्यता नाही: वसईचा ताम्रपट चंद्रादित्यपूर, म्हणजे बहुधा आजचे चांदवड, असे म्हणतो, तर हेमाद्रीच्या ग्रंथातील राजप्रशस्ती श्रीनगर सांगते. हेमाद्री हा देवगिरीच्या अखेरच्या काळातला मंत्री. चार शतकांपूर्वीच्या गोष्टींविषयी त्याच्या शब्दाहून जुन्या ताम्रपटावर अधिक भिस्त ठेवणे इष्ट.

पाचव्या भिल्लमाने चालुक्यांचे वर्चस्व झुगारून इ. स. ११८७ च्या सुमारास देवगिरीस राजधानी नेली आणि सिन्नरचे राजकीय महत्त्व ओसरले. पुढील अमदानींत ते एक परगण्याचे गाव राहिले. इंग्रजी अमलात प्रथम अहमदनगरच्या कलेक्टराकडे असलेला हा तालुका १८६९ मध्ये नाशिकचा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा त्यात समाविष्ट झाला.

वास्तूंपैकी गोंदेश्वर हे उंच जोत्यावरील शैव पंचायतन असून, मध्यवर्ती मंदिराच्या भोवती विष्णू, गणेश, पार्वती व सूर्य यांची छोटी देवालये आहेत, आणि समोर नंदीमंडप आहे. शिखर भूमिज पद्धतीचे, म्हणजे चारही दिशांच्या उभ्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत लहान शिखरांच्या ओळी एकीवर एक रचलेले. अंबरनाथ येथील शके ९८२ च्या लेखाचे मंदिर व मालेगाव तालुक्यातील झोडग्याचे माणकेश्वर ही याच पद्धतीची. ऐश्वर्येश्वर हे दुसरे मंदिर आकाराने लहान व पुष्कळसे भग्न; परंतु त्यातील मकरतोरण पाहिल्यावाचून गोंदेश्वरावरूनच परतणारा प्रवासी सिन्नरचे निम्मेच शिल्प पाहतो.

गोंदेश्वर कोणी बांधले, याचा उलगडा लोकपरंपरा करते: शिंगुणी नावाच्या गवळी राजाने गाव वसवले आणि त्याचा पुत्र राव गोविंद याने दोन लक्ष रुपये खर्चून देऊळ उभारले, अशी हकीकत एकोणिसाव्या शतकातील गॅझेटियरकारांनी नोंदवली आहे. रुपयांचा आकडा अर्थातच उत्तरकालीन. पण सिंघण आणि गोविंदराज ही दोन्ही नावे बाराव्या शतकातील यादव वंशावळीत खरोखरच आढळतात, जरी तेथे त्यांचे नाते पितापुत्राचे नाही. म्हणून ही कथा सर्वस्वी कल्पित ठरवता येत नाही, आणि मंदिराच्या निर्मात्याचा दाखला म्हणूनही ती ग्राह्य धरता येत नाही.